टोला कुणाचा

गाणं संपलं तरी बाबांनी फोन कानापासून काढला नाही.

इथे कॅनडात, सस्काटूनला शनिवारची सकाळ होती. तिकडे, चंद्रपूरच्या बाजूला, आमच्या तालुक्याच्या गावात जेवणं आटोपली होती. आई गेल्यापासून बाबा माझ्या धाकट्या बहिणीकडे राहतात. व्हिडिओ कॉल लावला की ती फोन त्यांच्या हातात देते आणि बाबा तो सरळ कानाला लावतात. त्यामुळे मला पडद्यावर त्यांचा चेहरा कधीच दिसत नाही. दिसतो तो उजवा कान, पाळीवरचे पांढरे केस आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. त्या दिवशीही लॅपटॉपवर गाणं लावून मी त्या कानाकडेच पाहत बसलो होतो.

आमच्या बँडची सीडी आदल्या दिवशी टपालानं आली होती. मी ती मुद्दाम ऐकली नव्हती. तिच्यात बाबांचं गाणं होतं, आणि ते पहिल्यांदा ऐकायचं तर त्यांच्यासोबतच, असं मी ठरवलं होतं. म्हणून जे झालं ते आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं.

पहिली दोन कडवी इंग्रजीत होती. तिसरं, शेवटचं, मी मराठीत गायलो होतो. ते सुरू करण्याआधी मी श्वास घेतला होता, तो श्वाससुद्धा सीडीत ऐकू आला. त्यापुढे माझा आवाज यायला हवा होता. आलं ते फिडल. इथे व्हायोलिनला फिडल म्हणतात. ते कोण वाजवतंय हे मला लगेच कळलं. तार बदलताना माझ्या मुलीचा गज किंचित अडखळतो, आणि गेली सहा वर्षं मी ते अडखळणं वरच्या खोलीतून येताना ऐकतो आहे.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा."

"शेवटचं कडवं कुठी गेलं?"

मी खोटं बोललो. "हे अर्धंच आहे बाबा. पूर्ण गाणं वेगळं येणार आहे."

"असं होय. मंग लवकर पाठव, बाबू. डावा कान तर केव्हाच रिटायर झाला. उजवाही आता हजेरी लावून पळून जाते."

मागून बहिणीचा हसण्याचा आवाज आला. मी "पाठवतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या कडव्याचं काय एवढं, हे सांगायचं तर आधी बाबांबद्दल सांगावं लागेल.

बाबा नगरपरिषदेच्या चार नंबर शाळेत शिपाई होते. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, कडुलिंबाला तारेनं टांगलेला. त्यावर लोखंडी दांड्यानं टोले द्यायचं काम बाबांचं. त्याच शाळेच्या दाराबाहेर त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लहानपणी उन्हात उभे राहून आतले पाढे ऐकायचे. आत बसायची परवानगी नव्हती. बाबा त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले, मी पहिल्या बाकावर बसून शिकलो. मी पाचवीत गेलो त्या वर्षी बाबांनी एक गाणं जोडलं:

टोला मी देतो, पोरा, वर्गात तू जा,
पहिल्या बाकावर, पोरा, वर्गात तू जा.

बाबा आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत होते. पेटी, ढोलकी, खंजिरी, मागे चार जणांचा कोरस, आणि समोर कुठून तरी मागून आणलेला एकच माइक. एप्रिलमधल्या जयंतीला, लग्नांत, बारशांत ही पार्टी गायची. चाली कुठल्याही असत, सिनेमाच्या, भजनाच्या, कधी दुसऱ्या पार्टीच्या. चालीवरून कुणी भांडत नसे. भांडण व्हायचं ते शेवटच्या कडव्यावरून. शेवटच्या कडव्यात गाणं जोडणाऱ्याचं नाव घालायची आमच्याकडे रीत आहे. कागदावर कुणी काही लिहीत नसे, पुस्तकं छापत नसे. गाणं दुसऱ्या गावाला गेलं, दुसऱ्याच्या तोंडी बसलं, तरी शेवटच्या कडव्यातलं नाव त्याच्यासोबत जायचं. बाबांचं कडवं असं:

विचारलं कुणी जर, टोला हा कुणाचा,
सांगा, हा शिपाई चार नंबर शाळेचा.

त्यापुढच्या ओळीत बाबांचं नाव येतं.

मी सहावीत असताना शेजारच्या गावात एका मोठ्या पार्टीचा कार्यक्रम होता. बाबा मला सायकलवर बसवून घेऊन गेले. मुख्य गायकानं बाबांचं गाणं घेतलं, चांगलं रंगवलं, आणि दोन कडव्यांनंतर थांबवलं. टाळ्या सुरू झाल्या. बाबा प्रेक्षकांत उभे राहिले आणि माइकशिवाय शेवटचं कडवं गायला लागले. आधी लोक हसले. मग ढोलकीवाल्यानं ठेका धरला. माझी मान खाली गेली होती. घरी येताना मी विचारलं, "बाबा, लोकं हसले ना तुम्हाले. काहून उठले?" ते पायडल मारत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "बसून राहिलो असतो तर घरी येऊन झोप लागली असती का?"

मी त्यांच्यासारखा नाही. मला आभार मानायची सवय आहे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही देणारे हेडमास्तर, नागपूरला होस्टेलमध्ये स्वतःची खाट देऊन जमिनीवर झोपलेला सीनियर, पासपोर्टसाठी आपला पत्ता वापरू देणारे काका, अशा माणसांच्या हातांवरून मी इथवर आलो. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. अशा माणसाला कुणी दार उघडलं की तो दारातच थोडा वाकतो. ही सवय पुढे आयुष्यभर जात नाही.

मी मायनिंग इंजिनिअर आहे. इथे पोटॅशच्या खाणीत काम करतो. पोटॅश म्हणजे खतासाठी लागणारा क्षार. ते जमिनीखाली जवळजवळ एक किलोमीटरवर आहे. खाली जायला मोठी केज असते, आपल्या लिफ्टसारखी, आणि ती खाली-वर करणारा माणूस वरच्या खोलीत बसतो. त्याला होइस्टमन म्हणतात. माणसं केजमध्ये चढली की त्याला घंटेनं इशारा देतात. तीन टोले म्हणजे आत माल नाही, माणसं आहेत, जपून. आमचा बँड ज्याचा, तो हा होइस्टमन. गेली अकरा वर्षं रोज सकाळी त्यानं मला खाली सोडलं आहे आणि रोज संध्याकाळी वर काढलं आहे.

आमची ओळख पहिल्या हिवाळ्यात झाली. उणे पस्तीस होतं. शिफ्ट संपवून पार्किंगमध्ये आलो तर गाडी मेलेली. मी बॉनेटकडे पाहत उभा होतो. हा ट्रक घेऊन आला, बूस्टर केबल काढली आणि म्हणाला, "गाडी प्लगमध्ये लावली नव्हतीस?"

"गाडी प्लगमध्ये लावतात?"

"फोन चार्ज करतोस ना, बडी? तसंच. तुझ्या गाडीलाही थंडी वाजते." मग माझ्या बुटांकडे पाहून, "आणि हे काय घातलंयस? हे तर लग्नाचे बूट आहेत."

माझी गाडी गरम होईपर्यंत त्यानं मला ट्रकमध्ये बसवलं. आत गाणी लागली होती. मँडोलिन, बँजो, आणि तीन आवाज एकमेकांना इतके चिकटलेले की मधून कागद जाऊ नये. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, ब्लूग्रास. मूळ इथलं नाही, खाली अमेरिकेतल्या डोंगरातलं. "पण आमचा हिवाळा लांब आहे," तो म्हणाला, "काहीतरी वाजवत बसावंच लागतं."

पुढच्या रविवारी तो मला कर्लिंग क्लबच्या वरच्या हॉलमध्ये घेऊन गेला; कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा इथला खेळ. सात-आठ माणसं आणि समोर एकच माइक. ज्याची पाळी तो पुढे येतो, आपलं वाजवतो, खांदा तिरका करून मागे सरतो, दुसरा त्याच्या जागी येतो. कुणी कुणाला धडकत नाही. इशारा फक्त हनुवटीचा. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला आमच्या वस्तीचा मांडव दिसत होता. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच कुठेतरी मला पुढे काय होणार हे आधीच कळत होतं.

त्यानं मला एक जुनं मँडोलिन दिलं. "माझ्याकडे धूळ खातंय. आता तुझ्याकडे खाऊ दे." बोटांना घट्टे पडेपर्यंत त्यानंच शिकवलं. मग मी गाणी लिहायला लागलो. केजवर, पहिल्या बर्फावर, नागपूरच्या होस्टेलवर, माझ्या तुटक्या इंग्रजीत. तो शब्द दुरुस्त करायचा, पण कधीच सगळं बदलायचा नाही. तो गिटार आणि मुख्य आवाज, मी मँडोलिन, टपाल वाटणारी एक बाई मोठा उभा बास वाजवायची, आणि माझी मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा ती फिडल घेऊन आमच्यात आली. गावोगावच्या जत्रांमध्ये, शेतकी मेळ्यांत आम्ही वाजवायचो.

बाबांचं गाणं मी कर्लिंग क्लबमध्ये पहिल्यांदा गायलो तेव्हा फक्त धृपद आणि एक कडवं इंग्रजीत केलेलं होतं. मी घंटा वाजवतो, तू आत जा. लोक गप्प झाले. होइस्टमनच्या तर डोळ्यांत पाणी आलं. घंटेवर त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं.

"जुनं गाणं आहे?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "हो, आमच्या गावाकडचं. तिकडे सगळेच गातात."

ही चूक माझी. हे माझ्या वडिलांचं आहे, असं चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. ते गाणंच सांगतं, शेवटच्या कडव्यात. मला वाटलं, ते कडवं गायची वेळ येईल तेव्हा नाव आपोआप कळेल. इथे नाव गाण्याच्या आत नसतं, सीडीच्या पाठीवर असतं, हे मला माहीत होतं आणि तरी डोक्यात आलं नाही.

पण ती चूक मी सुधारली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका फेस्टिव्हलला जाताना गाडीत आम्ही दोघंच होतो. दोन तासांचा सरळ रस्ता, दोन्हीकडे पिवळी मोहरी. मी त्याला सगळं सांगितलं. रुळाचा तुकडा, उन्हात उभे राहणारे आजोबा, शेवटचं कडवं, प्रेक्षकांत उभे राहिलेले बाबा. त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं. मला स्वतःलाच ते जड गेलं, कारण वडिलांचं नाव आम्ही तोंडानं घेत नाही. तो वाटभर ते घोकत राहिला. नावातला ण त्याला येईना. पेट्रोल भरायला थांबलो, तो आत गेला, दोन कॉफी घेऊन आला, काचेवर टकटक केली आणि नाव म्हणाला. अगदी बरोबर, ण सकट.  आमच्या खाणीत माझं नावसुद्धा कुणी नीट घेत नव्हतं. मार्कशीटवर मधोमध असलेलं वडिलांचं नाव इथल्या ओळखपत्रावरून मीच गाळलं होतं, चौकटीत मावत नाही म्हणून.

रेकॉर्डिंग त्याच्या बेसमेंटमध्ये झालं. शेवटचं कडवं मी मराठीत गायलो, मुलीनं मागून सूर दिला. संपल्यावर बासवाल्या बाईनं डोळे पुसले. होइस्टमननं अंगठा वर केला. हे मार्चमध्ये. मे महिन्यात सीडी आली.

बाबांचा फोन ठेवल्यावर मी सीडीची पाठ पाहिली. माझी चार गाणी होती, चारही माझ्या नावावर, स्पेलिंग बरोबर. बाबांच्या गाण्यासमोर लिहिलं होतं, पारंपरिक, आणि पुढे मांडणी म्हणून होइस्टमनचं नाव. मी गाणं पुन्हा लावलं तेव्हा आणखी एक गोष्ट ऐकू आली, जी पहिल्या वेळी कानावरून गेली होती. इंग्रजी कडव्यांत शाळा नव्हती. रेकॉर्डिंगच्या दिवशी होती. तिच्या जागी त्यानं नंतर चॅपेल गायलं होतं, गावातलं छोटं चर्च. घंटा आता चर्चची होती आणि मुलगा देवाच्या घरात जात होता.

मुलगी खाली आली, बाउलमध्ये सीरियल ओतलं. मी विचारलं, "हे फिडल तू कधी वाजवलंस?"

"एप्रिलमध्ये. ही सेड यू न्यू."

"मला माहीत आहे असं तो म्हणाला?"

"येस. ही सेड इट्स टू लाँग फॉर रेडिओ." तिनं चमचा थांबवला. "यू डिडन्ट नो?"

"तू मला विचारलं नाहीस."

"आय थॉट यू गाइज टॉक्ड! तुम्ही रोज भेटता." मग माझा चेहरा पाहून हळू आवाजात, "बाबा, इट्स जस्ट वन व्हर्स."

"आजोबांचं नाव होतं त्यात."

तिनं बाउल बाजूला सारला. "व्हॉट नेम?"

शेवटच्या कडव्यातल्या त्या चार अक्षरांना तिनं तीन महिने सूर दिला होता, आणि ते नाव आहे हे तिला ठाऊक नव्हतं. कारण तिच्यासाठी ते आजोबा होते, नुसते आजोबा. घरात त्यांचं नाव कधी कुणी घेतलंच नव्हतं. मी नाही, माझ्या बायकोनं तर नाहीच. होइस्टमनला मी जे गाडीत सांगितलं, ते स्वतःच्या मुलीला सोळा वर्षांत सांगितलं नव्हतं.

मी गाडी काढली आणि त्याच्याकडे गेलो.

तो गॅरेजमध्ये विंटर टायर उतरवत होता. मला पाहून हसला. "ऐकलीस? फिडल काय वाजवलंय पोरीनं!"

"शेवटचं कडवं कुठे आहे?"

तो पाना घेऊन उभा राहिला. "बडी, रविवार सकाळच्या रेडिओ कार्यक्रमाला गॉस्पेल लागतं, चर्चची गाणी. त्यांनी गाणं घेतलंय. त्यांनी आपलं गाणं घ्यावं म्हणून मी किती वर्षं मागे लागलोय, तुला माहीत आहे."

"आणि शाळा?"

"चॅपेल म्हटलं की लोक डोळे मिटतात. शाळा म्हटलं की त्यांना गणिताचा पेपर आठवतो."

"पारंपरिक काय? कुणाची परंपरा?"

"तूच म्हणाला होतास जुनं आहे म्हणून."

"नंतर मी तुला सगळं सांगितलं. तुला नावसुद्धा पाठ होतं."

त्यानं एक टायर घरंगळत नेला आणि भिंतीला टेकवून ठेवला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "पाठ आहे." आणि बाबांचं नाव घेतलं. बरोबर. ण सकट.

तो विसरला असता तर मला सोपं गेलं असतं. गैरसमज झाला, माझीच चूक, असं म्हणून मी घरी आलो असतो आणि आभारही मानले असते.

"मग लिहिलं का नाहीस?"

"कारण लिहिलं की लोक विचारतात, हे कुठलं, कुणाचं, कुठल्या भाषेतलं. मग ते गाणं ऐकत नाहीत, तुझ्याकडे पाहायला लागतात. आत्ता ते इथलं वाटतं." तो वळला. "तुला तेच हवं होतं ना? इतकी वर्षं?"

ते थोडं खरं होतं. मी फक्त एवढंच म्हणालो की बाबांचा कान जातो आहे, मी त्यांना पूर्ण गाणं पाठवीन असा शब्द दिला आहे, तर निदान मूळ रेकॉर्डिंग तरी दे.

"ते नाही राहिलं. फिडल त्याच्यावरच घेतलं." मग थोडा चिडून, "सीडी छापून झाली, रेडिओला गेली. आता तू एका कडव्यासाठी माझ्या दारात उभा आहेस. तुला मँडोलिन कुणी दिलं हे मी कधी काढलं का?"

"आत्ता काढलंस."

तो हात पुसायला लागला. मग आत गेला आणि माझ्या बायकोचा डबा घेऊन आला. तिनं गेल्या महिन्यात त्याला चकल्या पाठवल्या होत्या, तो रिकामा डबा. त्यानं तो माझ्या हातात दिला, आणि माझ्या तोंडून सवयीनं "थँक यू" निघालं.

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "थँक यू म्हणाले? तुम्हाला कुणी लाथ मारली तरी तुम्ही विचाराल, बुटाला लागलं तर नाही ना." मग डबा सिंकमध्ये आपटून म्हणाली, "अकरा वर्षं त्याच्या मुलांच्या वाढदिवसाला मी केक करून दिला. मला म्हणायचा, तू माझी बहीण आहेस. बहिणीच्या सासऱ्याचं नाव पुसतात का कुणी?"

बास वाजवणाऱ्या बाईला मी फोन केला. तिला वाईट वाटलं. पण तिला कडवं कापल्याचं एप्रिलपासून माहीत होतं. म्हणाली, "मला वाटलं, तुझं तू बघशील." म्हणजे आमच्या चौघांत न सांगितलेला एक मीच होतो. त्या रविवारी कर्लिंग क्लबमध्ये गेलो नाही. नंतरही गेलो नाही. मँडोलिन परत द्यायला दोनदा गाडीत ठेवलं, आणि दोनदा तसंच घरी आणलं.

रेडिओवर ते गाणं लागलं. खाणीतल्या एकानं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, त्याच्या आईला फार आवडलं, तिला तिच्या लहानपणीचं चर्च आठवलं. मी म्हणालो, छान.

बाबा दर शनिवारी विचारायचे, "आलं का पूर्ण?" मी म्हणायचो, येतंय. तिसऱ्या शनिवारी मला प्रश्न दोनदा ऐकू आला, कारण माझं उत्तर त्यांना ऐकू आलं नव्हतं. बहीण मागून म्हणाली, "दादा, काय पाठवायचं ते पाठव लवकर. डॉक्टर म्हणाले, मशीन लावूनही फार फरक नाही पडणार."

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलगी आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही नीट बोललो नव्हतो. म्हणाली, "टेल मी हिज नेम. नीट सांग."

मी सांगितलं. माझी जीभ पुन्हा अडखळली. तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून ग्रोसरीच्या यादीच्या मागे मी ते इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं, आणि खाली कडव्याचा अर्थ. शिपाई म्हणजे काय, चार नंबर म्हणजे काय, टोला कशाचा. ती वाचत गेली. माझे आजोबा दाराबाहेर उभे राहायचे, त्या ठिकाणी थांबली. "आउटसाइड? लाइक, इन द सन?"

"हो."

"अँड ही मेड इट चर्च," ती म्हणाली. 

शनिवारी मी कॉल लावला. बहिणीला सांगितलं, आज फोन कानालाच ठेव, आवाज पूर्ण वाढव. पडद्यावर कान आला, कॅलेंडर आलं. मी मँडोलिन घेतलं, तेच, त्यानं दिलेलं, दुसरं माझ्याकडे नाही. पहिली दोन कडवी मी मराठीत गायलो, जशी बाबा गायचे तशी, शाळेसकट. शेवटचं सुरू होताच मी थांबलो आणि मुलगी पुढे झुकली. आमच्यात तो फोनच माइक होता. तिनं म्हटलं, विचारलं कुणी जर, टोला हा कुणाचा. शिपाई म्हणताना तिचा प गळाला. आणि मग तिनं नाव घेतलं. ण आला नाही. न म्हणाली.

कान हलला. "कोण माझं नाव घेते?"

"तुमची नात, बाबा."

"ण म्हण म्हणावं तिले. ण. नाकातून नाही, जीभ मागं घे, बाई." ते मोठ्यानं बोलत होते, शाळेच्या व्हरांड्यात बोलायचे तसे. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. त्यांनी तिला पाच वेळा म्हणायला लावलं, आणि पाचव्यांदा, माझ्या मते, ते बरोबर नव्हतं तरी म्हणाले, "हां. आता बस."

मग मला म्हणाले, "हे आहे का त्या सीडीत?"

मी खरं सांगितलं. फोनजवळ तोंड नेऊन, ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे सगळ्या घरानं ऐकलं. कडवं काढलं. नाव लिहिलं नाही. शाळेच्या जागी चर्च घातलं. ज्यानं मला वाजवायला शिकवलं, त्यानं.

पडद्यावर कान आणखी जवळ आला.

"घंटा ठेवली?"

"ठेवली."

"घंटा ठेवली अन् शाळा काहून काढली?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मला ते समजावून सांगता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तू मंग उठला नाही?"

"नाही, बाबा."

त्यांनी हुं केलं आणि फोन बहिणीकडे दिला. कॉल बंद होईपर्यंत मला त्यांचा पलंग दिसत होता आणि त्यांचे हात. उजव्या हाताचं बोट मांडीवर हळूहळू आपटत होतं.

सोमवारी सकाळी मी कामावर गेलो. शिफ्टचे आम्ही अठरा जण केजमध्ये चढलो, दार लागलं. वरच्या खोलीत तोच बसला होता, त्याची शिफ्ट मला माहीत आहे. इशाऱ्याचे टोले पडले. एक, दोन, तीन. आत माणसं आहेत.

त्याला माहीत होतं, आत मी आहे. जमीन वर सरकली, दिवा गेला, कानात दडे बसले. शेजारचा पोरगा सुट्टीतल्या मासेमारीबद्दल बोलत होता. मी त्या अंधारात बाबांचं नाव मनात म्हटलं, मग ओठांनी. शेजारच्यानं विचारलं, "काय म्हणालास?" मी म्हणालो, "माझ्या वडिलांचं नाव." तो म्हणाला, "ओके," आणि पुन्हा माशांकडे वळला.

केज तळाला टेकली. नेहमीसारखीच, धक्का न लागता.